दर रविवारचे दहा किलोमीटर

कंट्रोलर: ही चावी, ही कागदपत्रं, ही हत्यारांची पिशवी. जादा प्लग पिशवीतच आहे. नीट बघून घे आणि इथे सही कर.

मिस्त्री: सही कसली, साहेब? सर्व्हिसला गाडी टाकायला आपल्यात कधीपासून सही लागायला लागली?

कंट्रोलर: सर्व्हिसला नाही. विकायची आहे.

मिस्त्री: कुणाची?

कंट्रोलर: माझी. ही.

मिस्त्री: बसा आधी. त्या टायरवर नको, खुर्ची घ्या. बस डेपोतून निवृत्त होऊन तुम्हाला सतरा वर्षं झाली, तरी बोलता असं की गाडी फलाटावर लागलीय आणि मी उशीर करतोय. विकायची म्हणजे काय?

कंट्रोलर: विकायची म्हणजे विकायची. तुझ्याकडे जुन्या मोटारसायकलींचे शौकीन येतात, त्यातला एखादा बरा बघ. घासून-पुसून दिवाणखान्यात उभी करणारा नको. चालवणारा हवा.

मिस्त्री: गाडीची काही तक्रार आहे का? मनात ठेवू नका. पळत नाही, असं वाटतं का?

कंट्रोलर: असं का विचारतोस?

मिस्त्री: सहज आपलं.

कंट्रोलर: गाडी उत्तम आहे. दीड वर्षापूर्वी तू काम केलंस तेव्हापासून जागेवरून अशी उचलते की मागे कुणी बसलेला असता तर उताणा पडला असता. ॲव्हरेजसुद्धा वाढलं.

मिस्त्री: मग. कार्बोरेटरचं जेट एक नंबर मोठं टाकलं, हेडमधल्या वाटा घासून गुळगुळीत केल्या, टायमिंग जरासं पुढे घेतलं. फार काही नाही. म्हातारीला थोडं व्यायामाला लावलं, एवढंच.

कंट्रोलर: मोठं जेट टाकलं की पेट्रोल जास्त जातं. मग ॲव्हरेज वाढलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

मिस्त्री: ती हाताची करामत असते, साहेब.

कंट्रोलर: असेल बाबा. मला आता कशाचीच खात्री देता येत नाही. चावी घे.

मिस्त्री: नाही घेत जा. चाळीस वर्षांची गाडी. तुमच्या लग्नाच्या वरातीत तुम्ही हिच्यावर बसून यायचं म्हणत होतात, असं वहिनी सांगायच्या. आणि आज अचानक माझ्या पुढ्यात चावी टाकता? कारण सांगा. खरं कारण.

कंट्रोलर: कंबर दुखते.

मिस्त्री: कंबर दुखणारा माणूस आत्ता एका दमात गाडी स्टँडवर चढवून उभा राहिला. मी बघत होतो.

कंट्रोलर: दार जरा लोटून घे.

मिस्त्री: घेतलं. आता बोला.

कंट्रोलर: गाडीला काही झालेलं नाही, मिस्त्री. मला झालंय.

मिस्त्री: काय झालंय?

कंट्रोलर: दर रविवारी मी अक्काकडे जातो, माहीत आहे ना तुला?

मिस्त्री: तुमची थोरली बहीण. पन्नास किलोमीटर. बावीस वर्षं. आख्ख्या गॅरेजला पाठ आहे ते.

कंट्रोलर: आठला निघायचं, आठ पन्नासला पोचायचं. आमच्या दाराशीच हमरस्ता. काटा साठवर ठेवायचा, ना जरा वर, ना जरा खाली. अक्का पावणेनऊला चहा टाकते. बावीस वर्षं मी तो चहा गरम प्यायलोय.

मिस्त्री: आणि आता?

कंट्रोलर: आता मी पोचतो तेव्हा नऊ वाजलेले असतात. बरोबर नऊ.

मिस्त्री: दहा मिनिटंच ना. रहदारी किती वाढलीय, साहेब.

कंट्रोलर: रहदारीनं वेळ वाढतो. अंतर वाढत नाही.

मिस्त्री: अंतर?

कंट्रोलर: मीटरवरचा किलोमीटरचा आकडा मी निघताना लिहितो, पोचल्यावर लिहितो. डेपोतली सवय, जात नाही. पन्नास भरायला हवेत. साठ भरतात. दर रविवारी साठ. काटा साठवर, लागलेली मिनिटं साठ, किलोमीटर साठ. सगळं एकमेकांशी चोख जुळतं. म्हणजे गाडी खरोखरच साठ किलोमीटर चाललेली असते. रस्ता पन्नासाचा आहे. मग मधले दहा किलोमीटर मी कुठे जातो?

मिस्त्री: साहेब...

कंट्रोलर: मला आठवत नाही. तेच सांगतोय तुला. कुठेतरी वळतो, फिरतो आणि परत रस्त्याला लागतो. डोक्यात त्याची नोंदच नाही. सगळं आठवतं, पूल आठवतो, वीटभट्टी आठवते, ते मोडकं होर्डिंग आठवतं. फक्त ते दहा किलोमीटर कोरे.

मिस्त्री: हे कधीपासून?

कंट्रोलर: पडलो तेव्हापासून. खडीवर गाडी घसरली, गळ्याजवळचं हाड मोडलं, तीन महिने मी घरात आणि गाडी तुझ्याकडे. बरा होऊन पहिल्यांदा निघालो, त्या रविवारपासून. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार नाही. पण आत कुठे काय बसलंय ते त्यांना तरी काय दिसणार?

मिस्त्री: मैलाचे दगड बघत गेला असतात तर कळलं असतं की.

कंट्रोलर: नाही बघितले. घाबरलो. मोजायला जावं आणि मधला एखादा दगड खरंच दिसला नाही तर? आहे तो संशय बरा. डेपोत मी ड्रायव्हरांना एकेका मिनिटाचा जाब विचारायचो, मिस्त्री. स्वतःला विचारायची हिंमत झाली नाही.

मिस्त्री: अक्का काही म्हणत नाहीत?

कंट्रोलर: तिला म्हणतो पंक्चर झालं.

मिस्त्री: दर रविवारी?

कंट्रोलर: आलटून पालटून. पंक्चर, फाटक, गुरं. ती चहा परत गरम करून देते. परत गरम केलेला चहा कळतो रे मला.

मिस्त्री: तुम्ही जरा पाणी प्या. मला पण पिऊ द्या.

कंट्रोलर: माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. केस कापायला म्हणून गेला, तो संध्याकाळी भलत्याच गावच्या थांब्यावर सापडला. आमच्याच डेपोची बस. कंडक्टरनं मला फोन केला, साहेब, एक आजोबा आहेत, उतरायचं कुठे ते सांगत नाहीत. मी म्हटलं, नाव विचार. तर माझाच भाऊ. शेवटी शेवटी तो मला ‘अहो’ म्हणायचा. सख्खा थोरला भाऊ, लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरलेला. म्हणायचा, अहो, तुम्ही कोण?

मिस्त्री: तुमचं तसं नाही, साहेब.

कंट्रोलर: तुला काय माहीत?

मिस्त्री: मला माहीत आहे. म्हणजे... ताईंना फोन लावू का?

कंट्रोलर: मुळीच नाही. ती येतेच आहे मला घरी न्यायला. तिला कंबरेचंच सांगितलंय. यातला एक शब्द तिच्या कानावर जाता कामा नये. तिची आई गेल्यापासून ती आधीच माझ्यावर पहारा देते.

लेक: कोण पहारा देतं? दार का लावून घेतलंय भर सकाळी? चष्म्याचं दुकान शेजारणीवर टाकून आलेय मी, तिला जवळचा नंबर आणि लांबचा नंबर यातला फरक कळत नाही. झालं का, बाबा? सही झाली?

मिस्त्री: ताई, बरं झालं आलात. तुम्ही सांगता की मी सांगू?

लेक: काय सांगायचंय?

मिस्त्री: पंधराचं.

लेक: मिस्त्री, आपलं काय ठरलं होतं?

कंट्रोलर: म्हणजे तुम्हा दोघांनाही दिसलंय तर. वाटलंच मला. किती दिवस झाले? डॉक्टरांशी बोलून ठेवलं असशील तू.

लेक: कंबरेसाठी? बाबा, मला काल तर कळलं.

मिस्त्री: कंबर नाही हो, ताई. साहेबांना वाटतंय त्यांचं डोकं कामातून चाललं. अक्कांकडे जाताना दर वेळी दहा किलोमीटर जास्त पडतात, म्हणून त्यांना वाटतं आपण कुठेतरी भटकतो आणि विसरतो. तुमच्या थोरल्या काकांसारखं. दीड वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन फिरतोय.

लेक: काय?

मिस्त्री: मी काटा फसेल हे धरलं होतं. घड्याळ विसरलो. आणि त्यांची डायरी तर माझ्या ध्यानीमनीही नव्हती.

कंट्रोलर: कोण फसेल? काय बोलताय तुम्ही?

लेक: बाबा, रागवा, काय हवं ते बोला, पण आधी ऐका. तुम्ही पडलात तेव्हा मी घाबरले होते. वर तुम्ही प्लास्टरमध्ये बसून मिस्त्रींना फोनवर सांगताय, इंजिनला जरा जोर आण, आता ऐंशीनं चालवून बघू. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. तुम्हाला चालवू नका म्हणायची माझी छाती नव्हती. म्हणून मी यांना म्हटलं, काहीतरी करा आणि गाडी हळू करा. बाबांना कळू न देता.

कंट्रोलर: हळू कशी? काटा साठ दाखवतो.

मिस्त्री: तिथंच तर मी शहाणपणा केला. साहेब, हल्लीच्या गाड्यांत मीटरची वायर पुढच्या चाकातून येते. तुमच्या या गाडीत ती गिअरबॉक्समधून येते. चाक किती फिरलं, हे त्या काट्याला ठाऊकच नसतं. गिअरबॉक्स किती फिरला, तेवढंच त्याला कळतं.

कंट्रोलर: पुढे.

मिस्त्री: चेन जिच्यावर चढते ती पुढची चक्री. कंपनीची अठरा दात्यांची होती. मी पंधराची बसवली. चक्री लहान, म्हणजे इंजिन तेवढंच फिरलं तरी चाक कमी फिरतं. गाडी जागेवरून झटकन उचलते, पण वेग पडतो. काटा मात्र जुन्याच तोऱ्यात. म्हटलं बरं झालं, साहेब साठ बघून खूश आणि ताई निवांत. जागेवरून उचलते ती काही नुसती जेटची करामत नव्हती.

कंट्रोलर: आणि ॲव्हरेज?

मिस्त्री: गाडी पन्नास चालायची, मीटर साठ लिहायचा. कागदावर वाढणारच ॲव्हरेज. मी फुकटची शाबासकी खाल्ली.

कंट्रोलर: झाकण उघड.

मिस्त्री: साहेब, मी सांगतोय ना...

कंट्रोलर: तू दीड वर्षापूर्वीही सांगत होतास. झाकण उघड. मी मोजणार.

(मिस्त्री इंजिनच्या बाजूचं झाकण काढतो, एका दात्यावर खडूची खूण करतो आणि मागचं चाक हातानं हळू फिरवतो. कंट्रोलर गुडघे टेकून खाली बसतात.)

कंट्रोलर: ...बारा. तेरा. चौदा. पंधरा. खूण आली.

मिस्त्री: पंधराच आहेत.

कंट्रोलर: परत फिरव.

लेक: बाबा, उठा. फरशी गार आहे.

कंट्रोलर: परत फिरव म्हटलं ना. ...तेरा, चौदा, पंधरा. कागद दे. राहू दे, माझ्या खिशात आहे. पेन दे. पन्नास गुणिले अठरा, नऊशे. भागिले पंधरा. साठ.

मिस्त्री: साठ.

कंट्रोलर: बरोबर साठ. वरती काही उरत नाही. मग मी कुठेच गेलो नव्हतो.

मिस्त्री: नाही.

कंट्रोलर: सरळ अक्काकडे.

मिस्त्री: सरळ अक्कांकडे. दर रविवारी, पन्नासच्या वेगानं, एकही वळण न चुकता.

लेक: बाबा, असं करू नका. रडू नका ना.

कंट्रोलर: रडत नाही. थांब जरा. हलकं वाटतंय फार. दीड वर्षानं कुणीतरी छातीवरून उठल्यासारखं वाटतंय. मिस्त्री, ते दार उघड, वारा येऊ दे.

लेक: मला का नाही सांगितलंत? एकदा तरी?

कंट्रोलर: तू मला सांगितलंस?

लेक: नाही.

कंट्रोलर: मग झालं. दोघंही एकाच घरचे.

लेक: हा कागद कसला आहे, बाबा? गणिताच्या मागे काय लिहिलंय?

कंट्रोलर: दे इकडे.

लेक: ‘हे गृहस्थ वाट चुकलेले वाटल्यास कृपया या नंबरवर त्यांच्या मुलीला कळवावे. ती रागावणार नाही.’ हे तुम्ही खिशात घेऊन फिरत होता?

कंट्रोलर: प्रत्येक शर्टात एक.

लेक: अरे देवा. प्रत्येक शर्टात? आणि मी मेली तुमचे शर्ट लाँड्रीत देताना खिसे कधी तपासले नाहीत. बाबा, चुकलं माझं. तुम्ही हाड मोडून पडला होतात तेव्हा जेवढी नाही घाबरले, तेवढी आत्ता हे वाचून घाबरलेय.

कंट्रोलर: चुकलंच तुझं. मला म्हणायचं होतंस, बाबा, हळू चालवा. मी भांडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, आणि मग हळू चालवली असती. आईचं तुझ्या मी ऐकायचो की नाही?

लेक: आई तुमच्याशी भांडू शकायची. मला नाही जमत.

कंट्रोलर: शीक आता. उशीर झालेला नाही. आणि तू रे, जाड्या.

मिस्त्री: मी कान पकडतो, साहेब.

कंट्रोलर: कान पकडून काय करतोस? पंधराची चक्री काढ. अठराची कुठे आहे?

मिस्त्री: जपून ठेवलीय. तेलाच्या डब्यात, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. टाकून द्यायचं मन झालं नाही.

कंट्रोलर: निदान एवढी तरी अक्कल. आता बोल, इंजिनला जेवढा जोर आणलायस त्याला खरंतर काय शोभेल?

मिस्त्री: खरंतर? आताचं हे इंजिन एकोणीसही ओढेल. सपाट रस्त्याला ऐंशी सहज. फक्त पुलानंतरचा जो चढ आहे, तिथे तिसऱ्या गिअरवर यावं लागेल.

लेक: एकोणीस अजिबात नाही. बघा, भांडतेय मी.

कंट्रोलर: बरं भांडलीस. अठराला काय होईल?

मिस्त्री: अठरा म्हणजे आधीचंच सगळं. काटा खरा, अंतर खरं. चढाला थोडी कुरकुरेल, पण चढेल. आणि सतराची माझ्याकडे एक पडून आहे. सतराला चढ चौथ्यावरच निघून जाईल, इंजिन मोकळं राहील. तुमच्या रस्त्याला माझ्या मते तीच बरी.

लेक: सतराला काटा खोटं बोलेल का?

मिस्त्री: थोडं. काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी छप्पन-सत्तावन्नला असेल.

कंट्रोलर: सतरा बसव.

लेक: खरंच? तुम्ही अठरा म्हणाल असं वाटलं मला.

कंट्रोलर: मीही तेच म्हणणार होतो. पण आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं खोटं चालतं. काटा म्हणेल बाबा साठनं येतायत, तर मी सत्तावन्ननं येत असेन, आणि ते तुलाही ठाऊक असेल. मला चढावर खेचायला बरं. तुझ्या जिवाला तीनची सूट. फक्त पुन्हा माझ्या पाठीमागे माझ्या गाडीच्या पोटात हात घालायचा नाही. कुणीच नाही.

लेक: नाही घालणार.

मिस्त्री: आईशप्पथ नाही, साहेब. आणि विकायचं काय करायचं? काल एक फोटोवाला येऊन गेला, त्याला हिच्यावर बसून फोटो काढायचे होते.

कंट्रोलर: त्याला सांग, गाडी रविवारी मोकळी नसते.

मिस्त्री: दुपारपर्यंत तयार करतो. चेनचा एखादा दुवा मागेपुढे करावा लागेल. पॉइंट परत बघतो, प्लग साफ करतो. आणि दीड वर्षात मीटरवर जे चौदाशे-पंधराशे किलोमीटर उगाच चढलेत, त्यांचं काय? ते काही उतरवता येत नाहीत.

कंट्रोलर: राहू देत. ते मी डायरीत लाल पेननं वेगळे काढीन. समोर लिहीन, प्रवास झाला नाही.

लेक: ती चिठ्ठी मी ठेवू का?

कंट्रोलर: कशाला?

लेक: माझ्या पर्समध्ये. गणितासाठी.

कंट्रोलर: ठेव. बाकीच्या शर्टांतल्या मी घरी गेल्यावर काढतो. आणि तुझा फोन दे जरा, अक्काला लावतो. उद्या रविवार.

लेक: मी लावून देते. तिला काय सांगणार? दीड वर्षं गुरं आडवी येत होती ते?

कंट्रोलर: ते उद्या समोर बसून सांगेन, म्हणजे पोटभर हसेल. पन्नास गुणिले अठरा भागिले सतरा, त्रेपन्न मिनिटांच्या जरा आत. ...हॅलो, अक्का? मीच. नाही गं, सगळं ठीक आहे. खरंच ठीक आहे. ऐक, उद्या चहा पावणेनऊला नको टाकूस. आठ अठ्ठेचाळीसला टाक. आणि परत गरम करायला लागणार नाही.